उतारावरचं माप

बुधवारी दुपारी अडीच वाजता गाडीखालच्या पुठ्ठ्यावर तेलाचा तो डाग मला पुन्हा दिसला. सकाळी बशीएवढा होता, आता ताटाएवढा झाला होता. लेकीला खांद्यावर घेऊन मी वाकले, तशी तिच्या प्लास्टरची टोकं माझ्या बरगडीत रुतली.

"पैलवान, हळू," मी म्हटलं.

पैलवान हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. तीन महिन्यांची पोर, वजन जेमतेम, पण मांडीपासून बोटांपर्यंत दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. ते पाय ती पाळण्याच्या लाकडावर अशी आपटायची की दारावर कुणी आलंय असं वाटावं. टक्, टक्. मी दोनदा दार उघडायला गेलेय.

जन्मतःच तिची दोन्ही पावलं आत वळलेली. दर गुरुवारी ती जराशी बाहेर वळवायची आणि त्या जागी नवीन प्लास्टर घालायचं, असं चाललं होतं. उद्याचं सहावं. मग एकच, आणि त्यानंतर बूट. हे काम करणारा दवाखाना आमच्यापासून ऐंशी किलोमीटरवर. प्लास्टर फक्त गुरुवारी, तेही एक वाजेपर्यंतच घालतात. जुनं प्लास्टर आम्ही सकाळी घरीच काढायचं, कोमट पाण्यात तासभर भिजवून. ते काढलं की लगेच निघायचं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाय एवढेसे आहेत, पण हट्टी आहेत. मोकळे सोडले की जुन्या जागी जायला लागतात. एक आठवडा चुकला तर आपण दोन आठवडे मागे जाऊ."

म्हणजे उद्या गाडी निघणार हे नक्की झाल्याशिवाय प्लास्टर भिजवता येणार नव्हतं. आणि गाडी तर पुठ्ठ्यावर तेल गाळत उभी होती.

गेल्या गुरुवारी ते तेल इंजिनाच्या तापलेल्या नळकांड्यावर पडून वाटेत गाडीत धूर झाला होता. लेक खोकून लाल झाली. आम्ही काचा उघडून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो आणि दवाखान्यात पोचलो तेव्हा घड्याळात एकला दहा कमी होते. बसनं जायचं तर दोन बदलायच्या, साडेचार तास, आणि उघडे पाय गर्दीत. चौकातल्या भाड्याच्या गाडीवाल्याला सकाळीच विचारलं होतं, तो शनिवारपर्यंत भरलेला. तो म्हणाला, "ताई, आधी सांगायचं ना!" जसं काही मला गळती आधी कळवून येते.

मी नणंदेला फोन लावला. नवऱ्याची थोरली बहीण, तिचं स्वतःचं गॅरेज आहे.

"ताई, परत गळतंय."

"परत कसं? शनिवारीच नवीन पॅकिंग घातलं मी."

"पुठ्ठा बघायला तरी या."

"पुठ्ठा बघायला मी काय रद्दीवाली आहे? इंजिन बघते. चहा टाक."

पंधरा मिनिटांत ताई आल्या, स्कूटरच्या पायाशी हत्यारांची पेटी दाबून. येताच त्यांनी भाचीच्या प्लास्टरवर टिचकी मारली, "काय पैलवान, बॉडी कशी आहे?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीखाली गेल्या. गाडी आमच्या दाराशीच असते. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, त्या चढावर, नाक वर करून. पूर्वी ती खाली फाटकाबाहेर रस्त्यावर उभी असायची. पण पहिल्या प्लास्टरच्या दिवशी लेकीला घेऊन चढताना मी ठेचकाळले. पडले नाही, नुसती ठेचकाळले. त्या दिवसापासून गाडी दाराशीच आणायची असं मी सगळ्यांना सांगून टाकलं, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

"खालून काही कळत नाही," ताई आतून म्हणाल्या. "सगळं काळंच आहे. तेल निघतं एकीकडून, वाऱ्यानं मागे जातं आणि टपकतं तिसरीकडून. आपण टपकतं तिथे बघत बसतो. घरात पावडर आहे का? साधी, लहान मुलांची?"

पावडर होती. बारशाच्या आधीपासून येतच होती. चार डबे, सगळे बंद. प्लास्टरमध्ये पावडर गेली तर आत गोळे होऊन कातडी सोलते, म्हणून दवाखान्यानं बंदी घातलेली. मी चारही डबे आणून ठेवले.

"एक पुरे. इंजिन आहे, हत्ती नव्हे."

आधी त्यांनी इंजिन धुतलं. रॉकेलात बुडवलेल्या ब्रशनं काळा चिकट थर खरवडला, फडक्यानं टिपला, पुन्हा खरवडला. साडेतीन झाले. मी दारातून गाडीपर्यंत आणि गाडीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते.

"एका जागी बस गं बाई. तू फिरतेस आणि मला वाटतं इंजिनाचा पंखा चालू आहे."

"तुम्हाला सापडेल ना?"

"सापडेल. तू हवा येऊ दिलीस तर."

आत सासरे शिलाई मशीनशी बसले होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. आता दुकान नाही, पण प्लास्टरवरून चढतील अशा, बाजूला नाड्यांनी बांधायच्या रुंद पायांच्या विजारी ते नातीसाठी शिवतात. दवाखान्यात येणाऱ्या इतर मुलांच्या आयांनी त्यातल्या दोन मागूनही घेतल्या. लेकीला मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि परत बाहेर आले.

ताईंनी इंजिनावर पावडर उडवली. सगळं कसं पांढरंशुभ्र झालं आणि अंगणभर न्हाऊन आलेल्या बाळाचा वास सुटला.

"आता झबलं घाला म्हणजे झालं," मी म्हटलं. हसायचं होतं, पण आवाज रडवेलाच निघाला.

"चालू कर," ताई म्हणाल्या.

मी गाडी चालू केली. दहा मिनिटं काही नाही. मग वरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून पांढऱ्यावर एक तपकिरी रेघ उतरली. "हं, आलास का बाहेर," ताई पुटपुटल्या. पण मग इंजिनाची कोंडलेली हवा बाहेर सोडणारी रबरी नळी असते, तिच्या वाकणातून दुसरी रेघ आली. आणि तेल मोजायची पट्टी जिथे खोचतात त्या भोकाच्या तोंडाशी बुडबुडा येऊन फुटला. तिसरी.

ताईंनी हात दाखवून गाडी बंद करायला लावली आणि पायरीवर बसल्या.

"एकाच वेळी तीन जागा," त्या म्हणाल्या. "वरचं पॅकिंग चार दिवसांचं आहे. आत कुठेतरी दाब वाढतोय. पिस्टन गेले असतील तर इंजिन उतरवावं लागेल."

"किती वेळ?"

"चार दिवस. पाचही."

"ताई, उद्या गुरुवार आहे."

"मला कॅलेंडर कळतं. पण असल्या धुराच्या गाडीत मी तिला बसू देणार नाही. आणि तूही बसवणार नाहीस."

उद्या नाही म्हणजे पुढच्या गुरुवारी. म्हणजे आज हे पाय जिथवर आलेत तिथून मागे. प्रत्येक प्लास्टर घालताना ती कशी किंचाळते ते मला ऐकू येऊ लागलं, आणि त्यात आता दोन जास्तीची.

तेवढ्यात ती खरोखरच रडली. मी आत धावले. सासरे तिला आडवी धरून बसले होते, आणि तिच्या तोंडातून, नाकातून दूध येत होतं. एका बाजूनं पुसावं तर दुसरीकडून यायचं. मी तिला उभी धरली, पाठ थोपटली. बाजूला रिकामी बाटली पडलेली.

"बाबा, तुम्ही हिला दूध दिलंत?"

"ओठ चाटत होती बिचारी. थोडंसंच दिलं."

"अहो, मी दोन वाजता पोटभर पाजलं होतं!"

"मला काय माहीत? रडली की भूक, एवढंच मला कळतं."

एक मोठा ढेकर देऊन पोर शांत झाली, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. तिला काही झालेलं नव्हतं. जास्त झालं होतं, ते तिनं परत दिलं. मी तिच्या नाकाशी फडकं धरून उभी राहिले आणि दारातून त्या पांढऱ्या इंजिनाकडे, त्यावरच्या तीन रेघांकडे बघत राहिले.

"ताई," मी हाक मारली. "ही गळत नसेल तर? ही ओकत असेल तर?"

"कोण?"

"गाडी. हिला जास्त पाजलं असेल तर?"

ताईंनी मान वळवली. "तेल जास्त झालं की आत घुसळून फेस होतो. दाब येतो आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. पण जास्त कसं होईल? मी शनिवारी बघितलं, कमी होतं. उलट मीच थोडं घातलं."

"कमीच असतं," सासरे दारात येत म्हणाले. "मी रोज सकाळी पट्टी बघतो. पुसायची, घालायची, काढायची. आज दोन सूत कमी होतं. घातलं तेवढं."

"तुम्ही घातलंत?"

"रोज घालतो. पोरीला घेऊन जायचं असतं, तेल कमी कसं चालेल?"

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी नजर लेकीच्या झबल्याकडे वळवली.

"तू पण?"

"सोमवारी. आणि काल," मी म्हटलं. "पट्टीवर तेल खाली दिसत होतं. बाबांच्या लक्षात आलं नसेल असं वाटलं. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून मी लंगोटांच्या कपाटात डबा ठेवलाय."

ताईंनी आपल्या भावाला फोन लावला, स्पीकर चालू करून. "काय रे, गाडीत तेल घालतोस का?"

पलीकडून दबक्या आवाजात, "कुणी सांगितलं? डिकीत डबा आहे माझा, चादरीखाली. कामावरून आलो की घालतो थोडं. पण ताई, तिला बोलू नकोस हां, आधीच किती घाबरलेली असते."

"ऐकतेय ती," ताई म्हणाल्या आणि फोन बंद केला.

पाच मिनिटांनी पायरीवर तीन डबे ओळीनं उभे होते. डिकीतला, लंगोटांमधला आणि शिलाई मशीनखालचा. ताई आधी हसल्या, मग चिडल्या, मग पुन्हा हसल्या. "एकाच घरात राहता ना तुम्ही? एकमेकांशी बोलता का नुसतं जेवता?" पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थांबा. चौघं मिळून ओततोय, तर पट्टी कमी कशी दाखवते?"

त्यांनी पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. आम्ही तिघं त्या लोखंडी पात्यावर डोकी घालून उभे. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. डोळ्यांदेखत.

मग सासरे चार पावलं मागे सरकले आणि मान तिरकी करून गाडीकडे पाहू लागले. दुकानात नवीन माणूस आला की ते तसंच पाहायचे, टेप गळ्यातून काढायच्या आधी.

"ही वाकून उभी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, माप घेताना गिऱ्हाईक वाकून उभं राहिलं तर पाठ लांब येते आणि पोट आखूड. कापड बेतलं की सगळं बिघडतं. मी चाळीस वर्षं लोकांना सरळ उभं करत आलो. आणि हिचं माप रोज चढावर घेतलं. पट्टी पुढे आहे, तेल सगळं मागे गेलंय."

ताईंनी तेलकट हातानंच कपाळावर मारून घेतलं. काळा पंजा उमटला. "दोन वेळा मी इथेच पट्टी काढली. मूर्ख मी. गॅरेजमधली फरशी सपाट आहे, तिथे एका मिनिटात कळलं असतं. पण पोरीला घेऊन यांना कशाला यायला लावायचं म्हणून घरी येत राहिले."

गाडी चढावर कुणी आणायला लावली होती, ते सगळ्यांना माहीत होतं.

हँडब्रेक सोडून आम्ही गाडी खाली रस्त्यावर ढकलत नेली. ताई स्टिअरिंगला, सासरे मागून धरल्यासारखं करत. दहा मिनिटं थांबून पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या चार बोटं वर होतं.

पुढचं काम पटापट झालं, पण मला ते तासन्‌तास वाटलं. खालचा नट सैल करून दोनेक लिटर तेल ट्रेमध्ये सोडलं. हवेची नळी वाकणात चिरलेली निघाली, हातात घेतली तर बिस्किटासारखी मोडली. दाबानं फाटली असेल किंवा वयानं. पेटीतल्या नळीचा तुकडा कापून ताईंनी दोन्हीकडे क्लिप आवळल्या. झाकणाचं पॅकिंग कोपऱ्यात उचललं गेलं होतं, ते काढून नीट बसवलं. मग पुन्हा धुणं, पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन चालू. वीस मिनिटं. साडेसहा वाजता इंजिन पांढरंच होतं. फक्त मागच्या सांध्याशी ओलसर ठिपका.

"तो कसला?"

"जुनी आहे ती. माझेही गुडघे वाजतात, म्हणून मी चालायचं सोडलंय का?" ताईंनी पेटी मिटली. "आज गाडी इथेच राहील, सपाट जागी. खाली नवीन पुठ्ठा घाला. सकाळी कोटाच्या बटणाएवढा डाग असला तर खुशाल जा. त्याहून मोठा असला तर मला फोन करा आणि प्लास्टर भिजवू नका. आणि अर्ध्या वाटेत थांबायचं. सपाटीवर, इंजिन बंद करून, दहा मिनिटं. मग पट्टी."

"दहा? आधीच वेळ कमी असतो, ताई."

"तेल खाली उतरायला वेळ लागतो. ते तुझ्यासारखं नाही."

सकाळी सातला मी बाहेर आले तर सासरे आधीच गाडीजवळ उकिडवे बसलेले. हातात त्यांचा बटणांचा डबा. पुठ्ठ्यावरच्या डागावर ते एकेक बटण ठेवून बघत होते.

"शर्टाचं?" मी विचारलं.

"नाही. कोटाचंच. पण बघ, झाकला जातोय."

मी वाकून पाहिलं. काळं बटण, त्याच्या कडेनं तेलाचा केसही बाहेर नाही. बटण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं. मग गाडीचा बॉनेट उघडून उगाच वास घेतला. नवरा मागे येऊन उभा राहिला. "भिजवायचं?" त्यानं विचारलं.

"पाणी तापव," मी म्हटलं.

तासाभरानं प्लास्टर ओल्या पुठ्ठ्यासारखं मऊ झालं आणि आम्ही ते पट्टी-पट्टीनं सोडवलं. आतून ते दोन पाय निघाले. बारीक, पांढुरके, सुरकुतलेले, जणू म्हाताऱ्याचे. पण सरळ होत आलेले. मी ते जुन्या मऊ साडीत गुंडाळले. गाडी आता फाटकाबाहेर होती, म्हणजे तो सगळा उतार मला तिला घेऊन उतरायचा होता. सासरे माझ्यापुढे चालले, चपलेनं एकेक खडा बाजूला करत. पाऊल टाकताना मला खडा दिसत नव्हता, तरी मी जपूनच टाकत होते.

पहिले चाळीस किलोमीटर मी फक्त नाकानं प्रवास केला. धूर येतोय का. रबराचा वास येतोय का. नवरा दोनदा म्हणाला, "श्वास घे." पेट्रोल पंपाच्या मागे सपाट जागा होती, तिथे त्यानं गाडी वळवली, इंजिन बंद केलं आणि घड्याळ लावलं. नऊ पन्नास.

"पाच मिनिटं पुरतील," मी म्हटलं.

"ताईनं दहा सांगितली."

तो बाहेर उतरला. मी मागच्या सीटवर, लेक मांडीवर. साडी सुटली होती आणि ती पाय झाडत होती. लाकूड नाही, आवाज नाही, नुसती हवा. आठवड्यातून एवढेच दोन-तीन तास तिचे पाय उघडे असतात, आणि मागचे सगळे गुरुवार मी ते रस्त्याकडे आणि घड्याळाकडे बघण्यात घालवले होते. मी तिची टाच हातात धरली. टाचेला माझ्या तळहाताची सवय नव्हती. तिनं पाय ओढला, थबकली, आणि परत आणून ठेवला. पाचही बोटं फाकली. अंगठ्याचं नख केवढंसं, तिळाएवढं. मी ते किती दिवसांनी पाहत होते.

बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज झाला. पट्टी निघाली, पुसली गेली, पुन्हा आत गेली.

नवऱ्यानं खिडकीतून पट्टी माझ्यासमोर धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. गाडीखाली वाकून त्यानं पाहिलं. कोरडं.

"निघूया?" तो म्हणाला. "दहाला एक मिनिट कमी आहे."

"मग एक मिनिट थांब," मी म्हटलं.

तो थांबला. आत हात घालून त्यानंही तिचा दुसरा पाय धरला, आणि टाचेवर त्याच्या तेलकट अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

सव्वाअकराला प्लास्टर घालणाऱ्या मॅडमनी तो ठसा कापसानं पुसला. "हे काय?"

"इंजिन ऑइल," नवरा ओशाळून म्हणाला.

"पाय छान वळलाय," त्या म्हणाल्या आणि पहिली ओली पट्टी गुंडाळायला घेतली. लेक किंचाळली. मी तिचं डोकं धरून उभी होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. घरून.

"किती आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मध्यावर, बाबा. सपाटीवर बघितलं."

"आणि पाय?"

मी फोन लेकीच्या तोंडाजवळ नेला.

"हां," ते तिकडून म्हणाले. "दम आहे पोरीत."